रस्ता पुढं गेला

देवीदासचा मुलगा संघदीप विजेचे मोठाले टॉवर उभे करायचा. आयटीआय करून आधी छत्तीसगडात राबला, मग एका कंपनीनं त्याला थेट अफगाणिस्तानात नेलं. समुद्राकाठच्या बंदरापासून तिकडं मालाचा रस्ता चालला होता, चार देशांनी मिळून बांधायला घेतलेला. रस्त्यासोबत वीजही न्यायची होती. सालेकसाजवळच्या त्यांच्या गावातून इतक्या लांब गेलेला तो पहिलाच. त्याची आई भागीरथा तेंदूपत्ता जमा करायच्या फडीवर बायांना सांगायची, "आमचा पोरगा आभायात चढून काम करते, माय."

धानाची रोवणी चालू असताना त्याचा फोन आला.

"बाबा, आता हा रस्ता उत्तरेकडं वाढवून राहिले. नवा मुलूख हाय. आमाले तिकडंच जा लागते."

"तिकडं बंदूकवाले हायेत म्हन्तेत. कायले जातं? नाही म्हन ना!"

"नाही म्हटलं त घरी पाठवतीन, बाबा. अन् समदेच जाऊन राहिले."

देवीदास चिखलात उभा होता. "जपून राहाजो," एवढंच तो म्हणाला.

पोळ्याच्या सुमाराला टीव्हीवर बातमी आली. नव्या भागात कामगारांची गाडी अडवून बंदूकवाल्यांनी माणसं उचलून नेली होती. त्यात तिघं भारतातले. नावं सांगितली नाहीत. पण संघदीपचा फोन लागेना, तेव्हाच भागीरथाला उमगलं. तिनं चुलीवरचा भात उतरवला अन् तशीच भिंतीला टेकून बसली.

देवीदासनं कंपनीला फोन लावला. पलीकडून एक पोरगी गोड आवाजात म्हणाली, "बातचीत चल रही है, चाचाजी. आप किसी को कुछ बताइए मत."

तो गोंदियाला कलेक्टर साहेबांकडे गेला. साहेबांनी चहा पाजला, दिल्लीला कळवतो म्हणाले. आमदाराकडे गेला, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. सगळे चांगलेच वागत होते. भांडावं तरी कोणाशी? परतीच्या गाडीत दाराशी बसून तो बाहेर बघत राहिला, अन् उतरायचं सालेकसा मागं पडून गाडी पुढच्या स्टेशनात शिरली तेव्हा भानावर आला.

थंडीत टीव्हीवर परत तोच रस्ता दिसला. मंत्री हिरवा झेंडा दाखवत होते, हार घातलेले ट्रक सुटत होते. देवीदास अन् भागीरथा शेवटपर्यंत बघत बसले. उचलून नेलेल्या माणसांबद्दल कोणी शब्द काढला नाही.

"मांगं टॉवर दिसले का जी?" भागीरथानं विचारलं.

"दिसले."

"त्यानंच उभे केले असतीन."

देवीदास उठून बाहेर गेला.

उन्हाळ्यात कंपनीचा माणूस गावात आला. आता रस्ता आणखी पुढं न्यायचा होता, माणसं हवी होती. शेजारच्या दुधरामचा बंटी तयार झाला. देवीदासनं दुधरामला गाठलं.

"पोराले पाठवू नोको. माह्याकडं पाहा."

दुधराम खाली बघत म्हणाला, "मी का कमी सांगतलं? आयकते कोन? इथं त्याले काम कोन देते, भाऊ?"



बंटी निघाला त्या दिवशी देवीदास स्टेशनवर गेला. पोराचा हात धरून त्याला परत न्यायचं, असं ठरवूनच गेला होता. बंटीनं वाकून जयभीम केला. नवे बूट, डोळ्यांत पाणी अन् ओठांवर हसू.

"काका, संघदीपभाऊ तिकडं भेटला, त काय सांगू?"

देवीदासचं तोंड उघडलं. पोरगा खरंच विचारत होता.

"त्याले म्हनजो..." तो अडखळला. "म्हनजो, माय बरी हाय."

तेवढ्यात गाडी लागली. लोकांची रेटारेटी सुरू झाली. बंटी डब्यात चढला अन् सामानासाठी त्यानं हात खाली केला. देवीदासनं प्लॅटफॉर्मवरची त्याची जड बॅग दोन्ही हातांनी उचलली अन् वर दिली.