जिताड्याच्या मिशा

"काका, जिताड्याला मिशा कुठून आल्या?" मास्तरांनी विचारलं.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. काउंटरवर मास्तरांचा मासा आडवा पडला होता. त्यांच्या गळाला लागलेला जन्मातला सगळ्यात मोठा मासा. त्याची हुबेहूब प्रतिकृती भिंतीवर टांगण्याजोगी करून देणं हे या दुकानाचं काम. साचा काकांचा, रंग आणि बारीकसारीक काम काकूंचं, हे लग्नापासून ठरलेलं. या प्रतिकृतीचं अंग चोख उतरलं होतं, पण कल्ल्यांमागे पोटाशी नायलॉनच्या लांब मिशा लोंबत होत्या. त्या रावस माशाच्या.

मागच्या खोलीत ब्रश धुण्याचा आवाज थांबला.

"माझीच चूक," काका जरा मोठ्यानेच म्हणाले. "शेजारी रावस पडला होता, हात तिकडचा इकडे गेला."

"पण मिशा तर काकू लावतात ना?"

"हल्ली मीपण लावतो. उद्या घेऊन जा, मास्तर."

मास्तर भला माणूस. त्यांनी मागच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली.

काका स्टुलावर बसले. काकूंच्या हातून गॅस चालू राहायचा, चहात मीठ पडायचं, किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडायच्या. हे सगळं त्यांनी अंगवळणी पाडून घेतलं होतं. डॉक्टरांनी तिच्या आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही मान डोलावली होती, पण मनातून मानलं नव्हतं. जोवर तिचे मासे चुकत नाहीत तोवर ती जागेवर आहे, असा त्यांचा हिशेब होता. आता तोही मोडला.

दुकान काकूंच्या वडिलांचं. घरजावई होऊन आले तेव्हा काकांना रावस आणि जिताडा सारखेच दिसत. दोन्ही खाडीच्या तोंडाशी सापडणारे, रुपेरी, दांडगे. नव्या नवरीने नवऱ्याला शिकवलं होतं आणि पोट धरून हसली होती.

संध्याकाळी काकू बाहेर आल्या आणि माशापाशी थबकल्या.

"हे काय करून ठेवलंत? इतकी वर्षं झाली, अजून दोन मासे कळत नाहीत तुम्हाला?"

"चुकलं खरं."

"हे बघा. रावसाचं नाक तोंडाच्या पुढे, जिताड्याचा खालचा जबडा पुढे. रावसाची शेपूट फाटलेली, याची गोल. मिशा रावसाला. याला काय, तर हा चमकणारा डोळा."

"असं होय," काका म्हणाले. नवी नवरी शिकवत होती तेव्हाही ते हेच म्हणाले होते. त्यांना इतकं बरं वाटलं की रडू येईल की काय असं झालं.

काकूंनी चिमट्याने एकेक मिशी उपटली आणि डबीत ठेवली. "रावस येईल तेव्हा लागतील," त्या म्हणाल्या.

सकाळी काकांनी दुकानाचा दिवा लावला. जिताड्याला मिशा होत्या. नीट रोवलेल्या, दोन्हीकडे सारख्या, अगदी तिच्या हातच्या.

 त्यांनी चिमटा घेतला, मिशा काढल्या, भोकं मेणाने बुजवली आणि वर रंगाचं बोट फिरवलं. पुसायला फडकं शोधत होते तोच काकू आल्या. त्यांनी माशाच्या पोटाखालून हात फिरवला आणि तिथेच थांबल्या.

"इथे काहीतरी लावायचं राहिलंय."

"नाही गं. जिताड्याला तिथे काही नसतं."

काकूंनी माशाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"असं होय," त्या म्हणाल्या.