मेंबरच्या घरची दवंडी

"हात लावू नोका," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी चिमट्यानं उचलतो अन् चुलीत टाकतो. कोणाले पत्ताबी लागणार नाई."

ज्वारीच्या कणगीमागे उंदीर मरून पडला होता. अंगावर जखम नाही, मांजराच्या दाताची खूण नाही. नाकाशी तेवढा रक्ताचा वाळलेला ठिपका. त्यांचे यजमान भगवंतराव उकिडवे बसून त्याच्याकडे पाहत राहिले. असा प्लेगचा उंदीर कसा ओळखायचा, हे साऱ्या माळीपुऱ्याला त्यांनीच शिकवलं होतं.

गावच्या म्युनिसिपल कमिटीत माळीपुऱ्याचे मेंबर होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. मीटिंग आटोपली की ते पारावर येऊन बसत आणि काय ठरलं ते ज्याला त्याला सांगत. कोपऱ्यावरचा कंदील मंजूर झाला, गटार अजून अडलंय, विहिरीतला गाळ पुढच्या महिन्यात. लोक थट्टा करत, पण ऐकायला बसत. पौषात बाजारपेठेकडे प्लेग शिरला आणि कंदील, गटार सगळं मागे पडलं. तेव्हापासून महिनाभर भगवंतराव दारोदार एकच सांगत फिरत होते, "उंदीर पडला तं लपवू नोका. मले सांगा. घर सोडून रानात गेलं तं माणूस वाचते."

आणि आता तो त्यांच्याच घरात पडला होता. बाहेर अंगणात मांडवाचे खड्डे खणून तयार होते. मुलीचं, कोकिळेचं लग्न चार दिवसांवर होतं, डोणगावच्या शेषरावांच्या मुलाशी. तिचं आधी ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा तापानं गेला, तेव्हापासून तिला पांढऱ्या पायाची म्हणणारी तोंडं गावात होती. दोन वर्षं जोडे झिजवल्यावर हे स्थळ जुळलं होतं.

"चार दिस थांबा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "अक्षता पडल्या का मंग सांगा साऱ्या गावाले."

"अन् या चार दिसात पुऱ्यातलं कोणी गेलं तं?"

"अन् पोरगी घरात राह्यली तं? थे चालते तुमाले?"

सत्यभामाबाईंनी चिमटा आणला. भगवंतरावांनी अडवलं नाही. पागोटं डोक्यावर ठेवून ते बाहेर पडले.

घरात बसवत नव्हतं आणि बाहेरही पाय ठरत नव्हता. एका गल्लीतून गेले, तिथून परत फिरले, विहिरीवर जाऊन उगाच आत डोकावून आले. वाटेत कोणी कंदिलाच्या तेलाचं विचारलं, त्याला त्यांनी गटाराचं सांगितलं. शेवटी उत्तमरावांनी गाठलंच. चार घरं सोडून राहणारा, मळ्याला मळा लागून असलेला हा माणूस.

"मेंबर, आपल्या पुऱ्यात आनखी तं काई नाई ना? बायको लेकरं घिऊन मेहकरले भावाकडं जातो म्हनते. धाडू का?"

"नाई," भगवंतराव म्हणाले. "काई नाई. कायले धाडता?"

शब्द तोंडातून गेला आणि परत घेता येईना. उत्तमराव निश्चिंत होऊन घरी वळले. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत भगवंतराव तिथंच उभे होते.

पाय त्यांना गावाबाहेर घेऊन गेले. डोणगावच्या रस्त्याला लागून कमिटीनं कापसाच्या पऱ्हाट्यांच्या अन् बोरूच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. माळीपुऱ्यातलं एकच घर तिथं होतं, पुऱ्याच्या टोकाला एकटं पडलेलं झुंबरबाईचं. आठ दिवसांपूर्वी तिनं स्वतः येऊन उंदीर पडल्याचं सांगितलं होतं. कमिटीच्या माणसांनी तिच्या घराच्या छपराची कवेलू उतरवली, भिंती धुतल्या, दाराला कुलूप घातलं. म्हातारी सुनेला अन् नातीला घेऊन रानात आली होती.

"बसा बाप्पा," तिनं पोतं अंथरलं. "सून दिवसभर शिव्या देते मले. म्हनते, तुले कोण सांगतलं होतं खरं बोलाले? पण नात पाहा कशी खेळून राह्यली."

भगवंतराव बसले नाहीत. नात झोपडीमागे माती कालवत होती.

"पुऱ्यात आनखी कोठं उंदीर पडला का?" झुंबरबाईनं विचारलं.

ते डोक्यावरचं पागोटं नीट करू लागले.

"नाई ना? तुमी दारोदार फिरून राह्यले, पडला असता तं सांगतलं असतं तुमी. तुमच्यावर भरोसा हाये." मग ती हसली. "कोकिळेच्या लग्नाले येतो मी. नातीलेबी आणतो. रानात पोरगी सुकून गेली, तुमच्या घरी चार घास गोडाचे खाईल."

"नोको," भगवंतराव एकदम म्हणाले. "तिले आणू नोको."

म्हातारीचं तोंड उतरलं. रानातल्या माणसाला मेंबरही आता दाराशी नको म्हणतात, असंच तिला वाटलं असणार. तिला समजावून सांगायला ते थांबले नाहीत. कमिटीच्या कचेरीपर्यंत ते जवळजवळ पळतच गेले. प्लेगचा इन्स्पेक्टर टेबलाशी होता.

"माळीपुऱ्यात उंदीर पडला," भगवंतराव म्हणाले. "माझ्या घरी. सकाळी."

दुपारी पुंजाजी डफ घेऊन माळीपुऱ्यात आला. गावाची दवंडी त्याच्या बापापासून त्याच्याच घरात होती. त्यानं डफावर थाप मारली आणि खाली बघत पुटपुटला, "माळीपुऱ्यात एका घरी उंदीर पडला हो. समद्यांनी घरं खाली करून रानात जावं हो."

"नाव घे," भगवंतराव मागून म्हणाले.

"मेंबर, लगन हाये तुमच्या घरी."

"कोणाचं घर थे सांगतल्याबिगर कोणी हालणार नाई. नाव घे, पुंजाजी. मोठ्यानं घे."

पुंजाजीनं छाती भरून श्वास घेतला. "भगवंतराव मेंबरच्या घरी उंदीर पडला होऽ!" दारं उघडू लागली. बायका उंबऱ्यात आल्या. उत्तमराव रस्त्यात येऊन उभे राहिले.

"सकाळी तं नाई म्हनले होते तुमी."

"खोटं बोललो," भगवंतराव म्हणाले. "आता लेकरं घिऊन निघा."

उत्तमराव थुंकले आणि गाडी जुंपायला गेले.

घरी कोकिळा भांडी पोत्यात भरत होती. भगवंतराव तिच्यासमोर बसले. तीच म्हणाली, "मले सकाळीच समजलं, बाबा. माय चुलीत काय जाळून राह्यली, थे दिसलं मले."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी काय करता, थे पाहून राह्यलो होतो मी."

तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि दुसरं ओढलं.

दिवस मावळायच्या आत माळीपुऱ्यातल्या गाड्या रानाकडे लागल्या. तिसऱ्या दिवशी डोणगावहून शेषरावांचा माणूस आला. झोपडीपासून दहा पावलांवर थांबून त्यानं निरोप सांगितला. ज्या घरी उंदीर पडला त्या घरची मुलगी करायला घरातली वडील माणसं तयार नाहीत, राग मानू नये. भगवंतराव "बरं" म्हणाले. सत्यभामाबाई त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाकरी मात्र वेळेवर समोर यायची.

दोन महिने माळीपुरा रानात राहिला. माळीपुऱ्यातली तीन माणसं गेली. बाजारपेठेकडची किती गेली, ते मोजायचं लोकांनी सोडून दिलं होतं. कोणी भगवंतरावांचे उपकार मानले नाहीत. पाण्याचं पिंप उशिरा येतं, झोपड्या गळतात, मेंबर झोपा काढतात, असंच चाललं होतं. ते झोपड्याझोपड्यांतून फिरत, तक्रारी ऐकत आणि कचेरीत जाऊन भांडत. एका जागी बसलेले ते कोणाला दिसले नाहीत.

फाल्गुनात एका सकाळी डोणगावकडून वाजंत्री ऐकू आली. सातआठ गाड्या मेहकरच्या दिशेनं निघाल्या होत्या. बैलांच्या शिंगांना रंगीत कागद, आणि पुढच्या गाडीत शेषराव, शेजारी मुंडावळ्या बांधलेला त्यांचा तोच मुलगा. झोपड्यांतल्या बायका कोकिळेकडं पाहू लागल्या. भगवंतराव आडोशाला व्हायला निघाले आणि तिथंच थबकले.

झुंबरबाईची शेळी दावं तोडून रस्त्याच्या मधोमध येऊन उभी होती. पुढचा गाडीवान ओरडू लागला. कोकिळा चुलीपासून उठली. तिनं पदर खोचला, शेळीचा कान धरून तिला कडेला ओढलं आणि वऱ्हाडाच्या साऱ्या गाड्या जाईपर्यंत तिला घट्ट धरून उभी राहिली.