रामसिंगच्या विहिरीतला समुद्र

किन्हीराजाजवळच्या तांड्यात समुद्र आणायला पंजाबराव मास्तरांना फार तर पाच मिनिटं लागली असतील.

वाशीमला तीस वर्षं भूगोल शिकवून मास्तर रिटायर झाले आणि दगडांच्या नादी लागले. कुणाला शेतात वेगळा खडा सापडला की तो थेट मास्तरांच्या ओसरीवर यायचा. मास्तर भिंग लावत, हुंगत, वेळ पडली तर चाटूनही पाहत आणि नाव सांगून मोकळे होत. रामसिंगने विहिरीतून निघालेले बोराएवढे पाच पांढरे खडे पुढ्यात ठेवले, तेव्हा आधी विचारायला हवं होतं, कातळातून निघाले की गाळातून? नवशिकाही हेच विचारतो. मास्तरांनी भिंगातून खपलीखालची दातेरी चीर पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

"समुद्रातले शंख! साडेसहा कोटी वर्षांचे!"

आता इकडचा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात समुद्र कुठून शिरणार? मास्तरांनी त्याचीही सोय लावली. दोन लाव्ह्यांच्या मधल्या सवडीत समुद्र जरा डोकावून गेला! पेपरात फोटो आला. तांड्यातले लोक पाहुण्यांना विहीर दाखवून सांगू लागले, "अथी देवमासे पोहत होते." रविवारी विहिरीवर फलक लागायचा ठरला.

गुरुवारी रामसिंगची म्हातारी काकी धनीबाई एकटीच बसने वाशीमला आली आणि मास्तरांच्या पायरीवर टेकली.

"मास्तर, ते खडे माह्ये हायेत."

"तुमचे कसे, बाई?"

"कवड्या हायेत त्या. सासूची इंडोनी होती, घागरीखालची चुंबळ, कवड्याईनं मढोलेली. पानी शेंदतानी मी वाकली अन् इंडोनी गेली डोक्शावरून याच इहिरीत. सासू म्हने, इनंच इकून खाल्ली. चाळीस साल झाले. मरतानी तिनं माह्या हातचं पानी नाई घेतलं. अजून मी घरात गेली का सुना पेटीले कुलूप लावतात."

"पण हे तर दगड झालेत."

"तुमी पानी तापवता त्या भगोन्याले आतून पांढरं काय चढते?"

ती गेल्यावर मास्तरांनी एक खडा लिंबाच्या रसात टाकला. फसफस झाली, खपली सुटली. आतून गुळगुळीत कवडी निघाली. पाठीला दोरा ओवायला घासून पाडलेलं भोक.

दोन दिवस मास्तरांना जेवण गोड लागलं नाही. गप्प बसलं तर जिल्ह्यात विचारणारा कोणी नव्हता. बोललं तर तीस वर्षांच्या मास्तरकीचं हसं. पण डोळे मिटले की पेटीचं कुलूप वाजायचं.

रविवारी त्यांनी माईक हाती घेतला. "मंडळी, मी चुकलो. समुद्र नाही, शंख नाही. ह्या कवड्या आहेत. धनीबाई चाळीस वर्षं खरं बोलत होती."

रामसिंग हसला.

"मास्तर, काकीनं चांगलाच चहा पाजलेला दिसते तुमाले!"

"हे भोक पाहा ना, रामसिंग!"

"भोक काय, तुमी बी पाडलं असन. असली शंख सोताच्या घरी ठिवाचे अन् आमाले कवड्या दाखवाच्या!"

मागून टाळ्या पडल्या. तांड्याच्या मुखियाने, लखीराम नाईकाने, फलकावरचं कापड ओढलं. वर निळ्या पाण्यात मासा काढलेला होता. मास्तरांच्या थापेवर तांड्याने पाच मिनिटांत विश्वास ठेवला होता. खऱ्याला मात्र कोणी दारात उभं करेना. आणि मास्तरांना कळत होतं, या लोकांच्या डोळ्यांना समुद्र आपणच दाखवला.

धनीबाई लांब, पोत्यावर बसली होती. मास्तर तिच्याजवळ गेले. मान वर करवेना. त्यांनी मूठ उघडून ती धुतलेली कवडी पुढे केली.

"घ्या बाई. तुमची आहे."

म्हातारीने कवडीकडे खूप वेळ पाहिलं. बोट पुढे आलं, भोकावरून फिरलं आणि मागे गेलं.

"ठिवा तुमच्याचपाशी," ती म्हणाली. "माह्यापाशी दिसली त म्हनतीन, हे बी चोरली."