एकोणिसावं कलम

“अगं काना-मात्रा, वाचत बसू नकोस! सही कर नि मोकळी हो. तू वाचेपर्यंत घर जुनं होईल आपलं.”

पंधरा वर्षांमागचा हा आवाज. बँकेच्या लांबलचक टेबलापाशी सुतार उभा होता. हातात झेरॉक्सचा गठ्ठा, केसांत भुसा, आणि हसणं असं, की पलीकडचा कारकूनही हसायला लागला. त्याची बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकायची नाही, म्हणून त्यानं तिचं ‘काना-मात्रा’ हे नाव ठेवलेलं.

आज वकिलाच्या खोलीत तोच सुतार तिच्याशेजारची एक खुर्ची रिकामी सोडून बसला होता. केसांत भुसा नव्हता. केसही फारसे उरले नव्हते.

“हे बघा वहिनी,” वकील म्हणाला. तो सुताराचा शाळासोबती. “याचं दिवाळं निघालं, कोर्टानं याला कर्जातून मोकळं केलं. पण घराच्या कर्जावर नावं दोन. एकानं जू टाकलं, की गाडा दुसऱ्यानं ओढायचा. तुम्ही तीन वर्षं वेगळे राहता, त्याचं बँकेला काय?”

“म्हणजे घर जाणार?”

“एकटीच्या पगारात हप्ता झेपला, तर नाही.”

झेपत नव्हता. चार महिने थकले होते, नोटीस पर्समध्येच होती.

वकिलानं एक कागद पुढे सरकवला. “यानं आपणहून लिहून दिलंय. ‘हे खरं आहे’ म्हणून खाली तुमची सही झाली, की बँकेशी भांडायला जागा मिळेल. निदान तोवर घर तुमचं.”

तिनं पर्समधून स्टीलची पट्टी काढली, ओळीखाली धरली. जुनी सवय.

‘पत्नीला एकही ओळ वाचू न देता मी घाईघाईनं सही करायला लावली. दोष सर्वस्वी माझा.’

“वाच, सावकाश वाच,” सुतार खाली बघत म्हणाला. “या वेळी घाई नाही.”

पट्टी तिथंच थांबली.

त्या दिवशी बँकेत जाण्याआधी तो तिला अर्धवट घरात घेऊन गेला होता. भिंतींना गिलावा नव्हता, पायाखाली सिमेंट. खिशातून खडू काढून त्यानं जमिनीवर रेघा ओढल्या. “इथं खिडकी. इथं तुझं टेबल. उजेड डावीकडून येईल, म्हणजे तुझ्या हाताची सावली अक्षरावर पडायची नाही.” एवढं आयुष्य गेलं, पण तिच्या हाताच्या सावलीचा विचार कुणी केला नव्हता. तिनं स्वतःसुद्धा नाही.

मग बँक. तो झेरॉक्सला गेला, तिथं ही लांब रांग. परत आला तेव्हा कागद होते तसे टेबलावर होते, आणि ती पंख्याकडे बघत बसली होती. तो म्हणाला, वाचत बसू नकोस. ती हसली आणि सही केली.

पुढे खिडकी झाली, टेबल झालं, त्यावर दहा वर्षं उजेड पडला. मग त्याचा फर्निचरचा कारखाना बसला, ऑर्डरी गेल्या, यंत्रं गेली, भांडणं आली. दर भांडणात तिच्याकडे एक हुकमी पान असायचं: “मला वाचूसुद्धा दिलं नाहीत!” हे म्हटलं, की तो मान खाली घालायचा. रंधा मारलेल्या फळीसारखा गुळगुळीत गप्प. असं जिंकत जिंकत एक दिवस घरात ती एकटी उरली. जाताना तो हत्यारांची पेटी घेऊन गेला. खिडकीची कडी तेवढी तेल घालून ठेवली होती.

“करा सही, वहिनी,” वकिलानं पेनाचं टोपण काढलं.

“कर गं,” सुतार म्हणाला. “खोटं थोडंच आहे? माझ्याकडून तुला देण्यासारखं आता एवढंच उरलंय.”

तिनं पेन घेतलं. तीन वर्षं त्याला हाक मारायचं ती टाळत आली होती. ‘ऐकलं का’ नाही, काही नाही. पेन तिनं टोपणाशेजारी ठेवलं आणि पट्टी पर्समध्ये घातली.

“अहो,” ती म्हणाली.

सुतारानं मान वर केली.

“तुम्ही झेरॉक्सला गेला होतात ना, तेव्हा मी सगळं वाचलं होतं. पहिल्या ओळीपासून. एकानं नाही फेडलं, तर दुसऱ्यानं पूर्ण फेडायचं, हे एकोणिसावं कलम तर दोनदा. आणि तरी सही केली. तुमच्या घाईनं नाही हो, माझ्या मनानं.”