सजा कमी करा, कलम राहू द्या

"वकीलबाई, सजा कमी करा," पंडितभाऊ म्हणाले, "पण कलम तेच राहू द्या."

अॅडव्होकेट महेक यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जळगावच्या त्यांच्या ऑफिसात आजवर लोकांनी काय काय मागितलं होतं, पण खुनाचं कलम अंगावर ठेवून द्या म्हणणारा पहिलाच भेटला होता. बाकाच्या टोकाला पदर घेऊन बसलेल्या मयुरीने नुसते डोळे मिटले. तिला या माणसाची सवय होती. तो तिचा मोठा दीर होता, आणि ज्याच्यासाठी अपील चाललं होतं तो हिलाल तिचा नवरा.

"तीनशे दोन राहिलं तर जन्मठेपही राहणार, भाऊ," महेक म्हणाल्या. "तीनशे चार, भाग दोन लागलं तर जास्तीत जास्त दहा वर्षं. नऊ त्यांनी काढलीच आहेत. माणूस घरी येईल."

"येईल, पण कोणत्या तोंडानं येईल?" पंडितभाऊंनी विचारलं, आणि खरंच उत्तराची वाट पाहत बसले.

त्यांचीही बाजू समजून घ्यायला हवी. हिलालला जन्मठेप झाल्यापासून धरणगावच्या बाजूला या घराचं वजन एकदम वाढलं होतं. त्यांच्या कपाशीत कोणाची म्हैस शिरत नव्हती. एसटीत भाऊ चढले की कोणी तरी उठून जागा द्यायचं. सरपंचपदाच्या निवडणुकीत त्यांनी विकासाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त एवढंच म्हणाले की आमचा एक वाघ सध्या पिंजऱ्यात आहे, आणि निवडून आले. आता तो वाघ भरितावरून झालेल्या भांडणात कसाबसा वाघ झाला होता, हे भर कोर्टात सांगायचं म्हणजे काय?

झालं मात्र तसंच होतं. हिवाळ्यात खान्देशात ज्याच्याकडे वांगं आहे तो माणूस भरीत पार्टी करतोच. पंडितभाऊंनी शेतात केली. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी आल्या, आणि भरीत ठेचायचं काम दरवर्षीप्रमाणे हिलालने हट्टाने स्वतःकडे घेतलं. हातात लाकडी मुसळ, कपाळाला घाम, आणि चेहऱ्यावर भरीत फक्त आपल्यालाच जमतं असा भाव. छगन त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याने बोटावर घेऊन चाखलं आणि सगळ्यांसमोर मिरच्यांवरून टोमणा मारला. चाळीस माणसं हसली. हिलाल काही तरी बोलला, छगन त्याच्यावर बोलला, शब्दाला शब्द लागला, आणि हातातलं मुसळ एकदाच, फक्त एकदाच, उठलं. छगन वांग्यांच्या सालींवर पडला तो उठला नाही. हिलाल त्याचं डोकं मांडीवर घेऊन पोलीस येईपर्यंत तिथेच बसून होता.

पोलिसांनी विचारलं, काही जुनं वैर? इथे पंडितभाऊंनी घोटाळा केला. पाटलाच्या पोराने फिक्या भरितावरून माणूस मारला, हे त्यांच्या जिभेवर येईना. त्यांनी छाती काढून सांगितलं, वैर तर तीन पिढ्यांचं आहे, बांधावरनं! मग छगनचा भाऊ दलपत याला विचारलं. आपला भाऊ मिरचीवरून मेला हे त्यालाही कुठे आवडणार? तोही म्हणाला, हो, तीन पिढ्या. त्या दोन घरांचं त्या दिवशी जे एकमत झालं तसं आधी कधी झालं नव्हतं. सेशन कोर्टात सरकारी वकिलांनी आजोबांपासूनचं वैर असं काही रंगवलं की पंडितभाऊंचा ऊर भरून आला. वैर म्हणजे हेतू, हेतू म्हणजे खून, खून म्हणजे जन्मठेप. मयुरी तिथे काड्या सारत बसली होती, तिने सगळं पाहिलं होतं. पण आपल्या घरची बाई साक्षीला उभी राहत नाही, असं भाऊंनी ठरवून टाकलं होतं.

"आरोपीनं सांगितल्याशिवाय मी काही मांडणार नाही," महेक शेवटी म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

मयुरी धुळ्याच्या माहेरी जाते असं सांगून निघाली आणि पुढची बस धरून थेट नाशिकच्या तुरुंगात गेली. जाळीपलीकडे हिलालचे केस पांढरे झाले होते. तिने सगळं सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "भाऊ काय म्हनस?"

त्या क्षणी मयुरीला असा संताप आला की जाळी नसती तर तीनशे चारचं आणखी एक प्रकरण उभं राहिलं असतं.

"भाऊ बाहेर शे," ती म्हणाली. "मझार तू शे! पोर पाचवीमा गई तुनी. तुले वाघ व्हनं शे का घर येनं शे?"

हिलालने मान वर केली. मग म्हणाला, "छगन मना दोस्त व्हता वं. लोके त्याले वैरी म्हनतस, तं माले सहन व्हत नही." आणि जे खरं आहे ते मांडा, असं त्याने वकीलबाईंना कळवलं.

संभाजीनगरच्या खंडपीठात सुनावणी लागली त्या दिवशी पंडितभाऊ दोन जीप भरून माणसं घेऊन आले. मयुरी मागच्या बाकावर. पलीकडे दलपत आणि छगनची बायको पुष्पाबाई. महेक यांनी मांडायला सुरुवात केली. पूर्वतयारी नाही, अचानक भांडण, एकच वार. मुसळ आरोपीने आणलेलं नव्हतं, ते कामासाठीच हातात होतं, पंचनाम्यात त्याला वांगं चिकटलेलं आहे. दोन्ही न्यायमूर्ती मन लावून ऐकत होते. भरीत ठेचून झालं होतं की अर्धवट होतं यावर सरकारी वकिलांनी वीस मिनिटं घेतली, कारण झालं असेल तर मुसळ हातात राहिलं कशाला? वांग्याच्या लगद्याचा जेवढा बारकाईने विचार झाला, तेवढा त्या मेलेल्या माणसाचा मात्र कोणी केला नाही. तो बिचारा फक्त 'मयत' होता.

"आणि भांडणाचं कारण," महेक म्हणाल्या, "भरितात मिरची कमी पडली, एवढंच."

पंडितभाऊंना राहवलं नाही. ते ताडकन उभे राहिले. "खोटं आहे साहेब! तीन पिढ्यांचं वैर आहे आमचं!"

मयुरीची नऊ वर्षं गेली ती गेली, आता उरलेलं आयुष्यही या माणसाच्या मिशीला लटकलं होतं.

थोरल्या न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"आरोपीचा मोठा भाऊ. सरपंच."

"एवढं वैर होतं तर मयत तुमच्या शेतात जेवायला कसा आला?"

"मीच फोन करून बोलावलं."

"वैऱ्याला?"

"साहेब," पंडितभाऊ अगदी मनापासून म्हणाले, "छगन नसला तर भरिताला मजा काय?"

आपण काय बोललो ते पंडितभाऊंच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं, आणि तेवढा मोठा माणूस एकाएकी लहान दिसायला लागला. नऊ वर्षांत छगनची आठवण त्यांनी अशी पहिल्यांदाच काढली होती.

"बसा," न्यायमूर्ती म्हणाले. "तुमचं हे बोलणं पुरावा नाही."

"नाही, पण हेच त्यांनी सेशन कोर्टातल्या उलटतपासणीत सांगितलेलं आहे," असं म्हणून महेक यांनी पान दाखवलं. मयताला मीच बोलावलं, तो हिलालच्या शेजारी बसला होता. सगळं लिहिलेलं होतं. वैराच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नव्हतं इतकंच.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल सांगितला गेला. खून नव्हे, सदोष मनुष्यवध, कलम तीनशे चार, भाग दोन, भोगली तेवढी शिक्षा पुरे, आरोपीला सोडा.

बाहेर चहाच्या टपरीवर पंडितभाऊ आणि दलपत एकमेकांशेजारी उभे होते. दोघांचीही अब्रू गेली होती. "मिरचीवरनं!" दलपत म्हणत होता. "दिल्लीले जाऊत भाऊ, सुप्रीम कोर्टमा. तीनशे दोन परत लावाडी लेऊत." पंडितभाऊंनी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि दोन्ही घरांनी मिळून अपील करता येतं का, याची चौकशी करायला माणूस पाठवला.

मयुरी आतल्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. पुष्पाबाई येऊन शेजारी बसली. इतक्या वर्षांत दोघी इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"तू तथं व्हतीस ना?" पुष्पाबाईने विचारलं.

"व्हती."

"काय बोलना व्हता तो?"

हे मयुरीला पोलिसांनी विचारलं नव्हतं, वकिलांनी नाही, कोणीच नाही. ती म्हणाली, "बोलना, हिलाल, मिरच्या काय सासुरवाडीले धाडी दिन्यात का रे?"

पुष्पाबाई खुदकन हसली. हसता हसता तिने पदर तोंडाशी धरला. "तोच," ती म्हणाली. "घर बी माले असाच बोले." मग ती मयुरीकडे वळली. "म्हनजे बांधवरनं वैर काहीच नव्हतं?"

"नव्हतं, ताई. काहीच नव्हतं."

"तुनी पोर एकदाव पानी मांगाले उनी व्हती मना घर. उन्हायामा. मी तिले दारवरूनच हाकली दिन्ही. वैर शे म्हनीसन."

मयुरीला ते माहीत होतं. पोर रडत घरी आली होती. तेव्हा तिने पुष्पाबाईला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या होत्या. आज तिचा नवरा सुटला होता, याच्यापेक्षा मोठा दिवस तिच्या आयुष्यात उगवणार नव्हता, आणि या बाईशेजारी बसून तिला त्या आनंदाची लाज वाटत होती. तिने पुष्पाबाईचा हात धरला. तो तिने काढून घेतला नाही.

"वैर शे म्हनेत ना, तं माले सोसाले सोपं जाये," पुष्पाबाई म्हणाली. "कसासाठी तरी मरना, असं वाटे. आते मी मनी पोरीले काय सांगू?"