कावळा शिवण्याची हमी

ढुंढिराजपंत सावकारांचा दानधर्म सगळा मेलेल्यांसाठी होता. दूधविनायकाच्या गल्लीत त्यांची सराफीची पेढी. पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत त्यांच्या हुंडीला कुणी नाही म्हणत नसे. मिळकतीचा मोठा वाटा मणिकर्णिकेवरची लाकडं, कफनं आणि घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या यांवर जाई. देशावरून काशीत मरायला आलेली माणसं त्या खोल्यांत फुकट राहत. "जिवंताला दिलं की तो उद्या पुन्हा हजर," पंत म्हणत. "मेलेला आजवर एकदाही परत आलेला नाही."

पण त्यांचा खरा तोरा वेगळ्याच गोष्टीचा होता. त्यांच्या खोलीतून गेलेल्याच्या दहाव्याला कावळा पिंडाला झटकन शिवे. कारण शेवटची इच्छा, मग ती रबडीची असो की नावेतून फिरण्याची, पंत पुरवायचेच. पलीकडचा वेणीमाधव शेठ चंदनाची लाकडं देई, पण त्याच्या माणसांचे कावळे भटजींना दुपारपर्यंत उन्हात वाळवत. "लाकूड काय, कोणीही देईल," पंत पान जमवत म्हणत. "कावळा आणून दाखवा म्हणावं."

त्यांची सून शरदिनी बी. ए. झालेली. सासऱ्यांच्या या हमीचं तिला एरवी हसू येई. त्या चैत्रात मात्र हसू आटलं. मागच्या गल्लीत देवी आल्या, दोन पोरं गेली. तिचा विष्णू आठ महिन्यांचा, अजून टोचलेला नव्हता. ती दिवसातून दहा वेळा त्याचं झबलं वर करून अंग बघे. डास चावल्याचा डागही ती दिव्यापाशी नेऊन तपासे.

"मामंजी, चौकात म्युनिसिपालटीचा देवी टोचणारा टीकेवाला बसतोय. बाळाला टोचून आणू?"

"गल्लीत आई आल्यात आणि तू सुई काढतेस? पाहुणीवर शस्त्र धरायचं?"

तिचा नवरा शिवराम वर्तमानपत्राआडून म्हणाला, "बाबा म्हणतात तर..." आणि आडच राहिला. सासूबाईंनी, अन्नपूर्णाबाईंनी, दाराला कडुनिंब टांगला. चोरून नेलं असतं, पण दंडावरचा फोड पदराआड आठ दिवस लपत नाही.

राहता राहिल्या गंगाकाकू. या वाईहून मरायला आल्या, त्याला पाच महिने झाले होते. काशीचं दूध त्यांना मानवलं होतं. त्यांच्या चार शेवटच्या इच्छा पुरवून झाल्या होत्या. लंगडा आंब्यासाठी तर त्या मोसमाची वाट बघत होत्या. शरदिनीने त्यांच्यापाशी रडून घेतलं.

"माझी दोन देवीनं नेली," काकू म्हणाल्या. "तिला जाब विचारायलाच मी वर निघालेय. जरा उशीर होतोय, इतकंच. बोलाव तुझ्या सासऱ्याला."

पंत आले.

"सावकार, आंब्याचं राहू द्या, ही माझी शेवटची इच्छा. या खोलीत, माझ्यासमोर, गल्लीतली पोरं टोचून घ्यायची. पहिला तुमचा नातू."

"काकू, ही पाचवी शेवटची इच्छा!"

"मी तरी काय करू? मरण येत नाही आणि इच्छा येतात. नसेल जमत तर राहू द्या. कावळा शिवणार नाही, अख्खा अमृतराव घाट बघेल. वेणीमाधव शेठ पेढे वाटेल."

पंतांचा चेहरा पडला. "बघू. उद्या बघू."

उद्या अमावास्या निघाली. परवा पंतांचं डोकं दुखलं. तेरवा मुहूर्त नव्हता. एका संध्याकाळी काकूंनी शरदिनीला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"आता खरंच निघाले वाटतं. पोरी, कावळा इच्छेसाठी थांबतो म्हणतात. थांबतही असेल. पण पोट भरलेला कावळा हमखास थांबतो. कळलं?"

आणि आंब्यांची वाट न बघताच त्या गेल्या.

दहाव्याच्या दिवशी उजाडता उजाडता शरदिनीने परातभर पुऱ्या आणि दहीभात गच्चीवर नेला. पहिला कावळा आला, त्याने जातभाईंना हाका मारल्या, आणि घाटावरचे सगळे कावळे तिच्या गच्चीवर जेवून गेले. शास्त्राला फसवायचं पाप मोठं की पोर गमावण्याचं भय मोठं, असला प्रश्न कॉलेजात कुणी विचारला नव्हता.

गच्चीवरून घाटाच्या पायऱ्या दिसत. पिंड मांडला. पंत हात जोडून उभे. घाटाच्या कठड्यावर ओळीने कावळे बसलेले, एकजण चोच पुसतोय, एक पेंगतोय. अर्धा तास गेला. तास गेला.

"काकू, गोदान करतो!" पंत ओरडले. कावळे ढिम्म.

"शंभर ब्राह्मण जेवू घालतो!"

भटजींनी मान डोलावली, कावळ्यांनी नाही. पलीकडे वेणीमाधव शेठचा मुनीम छत्री उघडून आरामात बसला.

"तुमच्या नावाची शिळा बसवतो, संगमरवरी!"

तेवढ्यात कुठूनसा एक उपाशी कावळा आला आणि पिंडाच्या दिशेने टुणटुण उड्या मारू लागला. शरदिनीने वरून ते बघितलं. शिळेवर भागलं तर संपलंच सगळं! तिने दोरीवरचं विष्णूचं लंगोट ओढलं आणि गच्चीच्या कठड्यावरून दणादण झटकलं. कावळा दचकून उडाला. घाटावर हाय हाय झाली; वर कुणी बघितलंच नाही.

"बाबा, पोरं टोचून घ्यायची होती ना त्यांना," शिवराम हळूच म्हणाला. लग्नानंतर प्रथमच तो वेळेवर बोलला.

पंतांनी घाम पुसला. एकदा मुनिमाकडे बघितलं, आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "काकू, उद्याच्या उद्या! तुमच्याच खोलीत! पहिला माझा नातू!"

ऊन डोक्यावर आलं होतं. कावळ्यांना पुन्हा भूक लागली होती. तिघे एकदम पिंडावर तुटून पडले. शरदिनी लंगोट छातीशी धरून तिथेच बसली.

दुसऱ्या दिवशी दिनानाथ टीकेवाला पेटी घेऊन आला. "बहूजी, बच्चे का हाथ कसके पकड़िए." विष्णूने गल्ली डोक्यावर घेतली. पंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दारात लेकरं घेतलेल्या बायांची रांग लागली होती. सावकाराचा नातू टोचला म्हटल्यावर देवीचा कोप वाटून घ्यायला सगळ्या तयार होत्या.

मग विष्णूला ताप चढला. शरदिनी तीन दिवस पाळण्याजवळच्या पाटावरून हलली नाही. याला काही झालं तर कावळ्यांचा हिशेब कुणाला द्यायचा? आठव्या दिवशी दंडावर टपोरा, चांगला फोड धरला. ताप उतरला.

पेढीवर पंत गिऱ्हाइकांना सांगत होते, "कावळा थांबला खरा, पण इच्छाच तेवढी थोर होती!"

स्वयंपाकघरात अन्नपूर्णाबाई रिकामा डबा उलटा करत होत्या. "सूनबाई, एवढी कणीक गेली कुठे गं?"

"दानधर्मात, आई," शरदिनी म्हणाली, आणि पुन्हा एकदा झबलं वर करून बघितलं.