भिंतीकडचा थर

स्वप्नाली डोळ्यात तेल घालून काम करते, असं अंबरनाथच्या त्या प्रयोगशाळेत सगळेच म्हणायचे. खोटं कशाला बोला, तिला ते ऐकायला आवडायचंच.

कोळशापासून तेल करायची एक छोटी भट्टी तिथे बसवली होती. बारा दिवस चालली आणि आतून कार्बन धरून चोंदली. त्या कार्बनचा एक तुकडा राळेत बसवून, घासून गुळगुळीत करून स्वप्नालीनं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दिवसागणिक एकेक थर चढलेला. अकरा थर मळकट करडे, एका कडेचा मात्र रंगीत ठिपक्यांनी चमचमणारा. हायड्रोजन कमी पडला की कोळशाचं तेल व्हायचं राहतं आणि असला चकचकीत कार्बन होतो. कडेचा थर म्हणजे शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी भट्टीवर होता धर्मराज. तिनं अहवालात तसं लिहिलं आणि साहेबांनी त्याला घरी बसवलं.

"मॅडम, मी हायड्रोजनच्या व्हॉल्व्हला हात पण नाय लावला," तो कळवळून म्हणाला होता.

"हाताच्या कांकणाला आरसा कशाला? स्वतःच बघा ना." त्यानं बिचाऱ्यानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं.

आज दुपारी त्याची चौकशी होती. फोटो आणखी स्वच्छ यावा म्हणून स्वप्नालीनं सकाळी तुकडा पुन्हा घासला. पाहते तर चमकत्या थराच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरीशुभ्र चिलपी चिकटलेली. पोलादाची!

पोलाद असतं ते भट्टीच्या भिंतीचं. म्हणजे हा थर भिंतीला लागून होता. शेवटचा नव्हेच, पहिला. तुकडा बसवताना भिंतीकडच्या बाजूला खूण करायची ती विसरली होती आणि तिनं सगळं उलटं वाचलं होतं.

पहिला दिवस! पहिल्या दिवशी भट्टीची पूजा होती. साहेबांना आरती भट्टीसमोरच हवी होती. निरांजनाशेजारी हायड्रोजन नको म्हणून व्हॉल्व्ह बंद केला तो तिनंच. भट्टी मात्र तापतच राहिली. आरती, प्रसाद, फोटो. चाळीस मिनिटं तरी गेली असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशी चोरानंच दिली होती.

तिनं बदलापूरला, मांजर्लीत धर्मराजच्या घरी फोन लावला.

"धर्मराज, चूक तुमची नव्हती हो. माझी होती. पूजेच्या दिवशी व्हॉल्व्ह मीच बंद केला होता. मी आत्ता साहेबांना सांगते."



"पण मॅडम, मी कालच लिहून दिलं ना साहेबांना. माफी मागितली."

"कसली माफी? तुम्ही तर नाही म्हणत होता!"

"म्हणत होतो. पण तुम्ही मशीनमध्ये दाखवलं ना, तेव्हापासून डोक्यात तेच. आता मला सगळं आठवतंय, मॅडम. पाणी प्यायला उठलो, अन् व्हॉल्व्ह माझ्याच हातानं बंद केला."